दुकानातल्या खांबावर निवडलेली काठी

श्रावण, तू झाडावरून पडून गेला नाहीस, हे मला सध्या दिवसातून दोनदा तरी कुणाला सांगावं लागतं. अकरा वर्षं झाडांवर चढणारा माणूस गेला म्हटलं की लोक पडलाच असेल असं धरून चालतात. मी सांगते, घरीच गेला, दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. ऐकणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. परवा दुकानात एकाने पुन्हा विचारलं, "नक्की ना बाई?" मी म्हटलं, "तुले काय, पडला असता तर बरं वाटलं असतं काय?" तो दोर न घेताच गेला. जाऊ दे.

रडणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. शिवाय मी तुझ्यावर रागावलेली होते. चार महिने आपण एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि त्यातच तुझ्या घरून फोन आला. राग तसाच राहिला आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस गेला. दुकानात बसून मी कधी दोराच्या वेटोळ्यावर हात आपटते, कधी कामावरच्या पोरांवर ओरडते, पण ते तुझ्या वाट्याचं आहे, त्यांच्या नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आपली पहिली गाठ इतवारीतल्या माझ्या दुकानातच पडली. कुहीकडच्या एका खेड्यातून मी नागपूरला आले ती दोराची दोन भेंडोळी घेऊन, आणि दुकान उभं केलं ते फक्त तोंडाच्या जोरावर. भाव करायला मी कुणाला भीत नाही. माझ्याकडे आलेल्या माणसाने भाव केला नाही तर मला तो माणूस कळत नाही. तू आलास, दोराचं टोक हातात घेतलंस, पीळ उलगडून तीन धागे वेगळे केलेस, नाकाशी नेलेस, आणि मी सांगितला तो आकडा मुकाट्याने दिलास. मी तुझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "काहून गा, भाव नाही करत?" तू म्हणालास, "दोर चांगला हाय, बाई. चांगल्या दोराचा कायले भाव करू?" मला राग आला. मी तो आकडा घासाघीस होणार हे धरूनच सांगितला होता.

तेव्हा मी दोर विकत होते, पण मला गाठ मारता येत नव्हती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की मी म्हणायची, ते तुमच्या कामावर आहे, आणि विषय बदलायची. तू ते दुसऱ्या भेटीतच ओळखलंस. दुकानाच्या मधोमध जो सागवानी खांब आहे, पोटमाळ्याला आधार देणारा, त्याच्याभोवती तू दोर टाकलास आणि म्हणालास, "बाई, हे पाहा, अशी येते अन् अशी जाते." एका दुपारी तू मला सात गाठी शिकवल्यास. शिकवताना एकदाही म्हणाला नाहीस की दोर विकणाऱ्या बाईला गाठ येत नाही. तुझ्या जागी मी असते तर म्हटलं असतं.

पुढे मी फांद्या छाटायचे ठेके घेऊ लागले आणि तू माझ्यासाठी चढू लागलास. कोराडीच्या कॉलनीत तारांवर आलेल्या फांद्या कापायला गेलो होतो, ते आठवतं का? पानापानांवर तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा थर होता. तू वर करवत चालवत होतास आणि खाली माझ्यावर राख पडत होती. मी ओरडत होते, "अरे, जरा सांभाळून!" तू उतरलास तेव्हा दोघंही करडे झालो होतो. एका घरातली म्हातारी दार उघडून म्हणाली, "माय वं, हे कोण आले?" तू हसलास, नुसते दात दिसले, आणि तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी परत येताना टेम्पोत आपण पूर्ण रस्ताभर हसत होतो. अशा दिवसांवर माझा राग नाही. राग फक्त एका दिवसावर आहे.

त्या दिवसाचं सांगायचं तर काठीपासून सुरुवात करावी लागेल. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला काठी म्हटलं की बांबू डोळ्यांसमोर येईल. आपली काठी म्हणजे हलक्या धातूची नळी. तिला वर आणि खाली पाय ठेवायच्या पट्ट्या, आणि मागच्या बाजूला, वर आणि खाली, झाडाच्या सालीत रुतणाऱ्या टेकूंची एकेक जोडी, पसरलेल्या दोन बोटांसारखी. ती खोडाला दोराने बांधायची, तिच्यावर उभं राहायचं, कमरेच्या पट्ट्याचा दोर खोडाभोवती वर सरकवून त्यात बसायचं. मग लोंबकळत असतानाच खालची काठी सोडायची, वर ओढायची, आणि पुन्हा वर बांधायची. एवढ्या एकाच काठीने पूर्ण झाड चढायचं. शिडी नको, चार माणसं नकोत. तू हे मोबाइलवर पाहिलं होतंस, परदेशातले शिकारी असे चढून पट्ट्यातच बसून राहतात. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, पण चढायची रीत तू त्यांच्याकडून उचललीस. मला दाखवून म्हणालास, "बाई, जनावर मारायचं सोडून बाकी सारं शिकण्यासारखं हाय."

तेव्हाच पक्ष्यांच्या घरट्यांची पाहणी करणाऱ्या मॅडम आपल्याकडे यायला लागल्या होत्या. त्यांना जंगलाच्या कडेने मैल दोन मैल चालून उंच झाडांवर कॅमेरे लावायचे होते. शिडी तिथवर कोण नेणार? त्यांना सहा काठ्या हव्या होत्या. चढणाऱ्या त्यांच्या मुली, नुकत्याच कॉलेजातून निघालेल्या. काठी कशी असावी, हे मात्र कुणी ठरवायचं, यावरून आपलं वाजलं.

तुझं म्हणणं, बत्तीस इंची काठी, टेकू रुंद, म्हणजे थोड्या टप्प्यांत वर जाता येतं. माझं म्हणणं, वीस इंची, खाली दोराचा एक पायदोर लोंबता ठेवायचा, म्हणजे उंची तेवढीच मिळते आणि वजन निम्मं. आणि टेकू अरुंद. अरुंद टेकू असले की काठ्या एकावर एक चपट्या बसतात, पोत्यात मावतात, धातूही कमी लागतो. बुटीबोरीकडे इरफानचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, त्याच्याशी मी फोनवर तासन्‌तास बोलत असे. पैशांपेक्षा जास्त मी त्याच्याशी इंचांवरून भांडले. टेकू अर्धा इंच कमी कर, अजून पाव इंच कमी कर. तो म्हणायचा, "बाई, अब काटने को बचा ही क्या है?" मी म्हणायची, "बचा है, तू काट." तू वापरायचास ती काठीही त्यानेच केलेली होती; शेवटी त्याने माझ्या मनासारखीही एक करून दिली. मी ती खांबाला बांधली, वर उभी राहिले, जरासुद्धा हलली नाही. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या सुतळीवाल्यालाही बोलावून तिच्यावर उभं केलं.

मग मॅडम दोन मुलींना घेऊन आल्या. मी काठी खांबाला बांधली होती, त्यातली एक मुलगी तिच्यावर उभी राहून मैत्रिणीकडून फोटो काढून घेत होती. मॅडम होकारार्थी मान हलवत होत्या. माझ्या मते सौदा झाल्यातच जमा होता. तेवढ्यात तू कामावरून आलास, हेल्मेट काखेत. दारातच थांबलास, काठीकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मॅडम, हे काठी खांबावर चांगली हाय. झाडावर फिरन."

मॅडमनी विचारलं, "फिरेल म्हणजे?"

"म्हंजे पाय टाकला का बाजूले जाईन. पोरी पडतीन."

माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकापुढे. मी म्हटलं, "श्रावण, तुले कामाले मी पाठवते. मालाचं मी पाहीन. तू तुझं पाह्य."

तू आवाज चढवला नाहीस. तू कधीच चढवत नसायचास, त्याने माणूस जास्त पेटतो. तू म्हणालास, "बाई, तुमी कधी वर आल्या काय?"

ती मुलगी हसली. मॅडम हसल्या नाहीत, पण त्या म्हणाल्या, "आपण नंतर बोलू." नंतर बोलू म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. त्या गेल्यावर तू नुकताच खुंटीला अडकवलेला पट्टा मी काढला आणि रस्त्यावर फेकला. तू तो उचललास, त्याची माती झटकलीस आणि गेलास. मला वाटलं दोन दिवसांनी येशील. दोन दिवसांनी तुला वाटलं असेल, मी फोन करीन.

चार महिने मी हेच मनात घोळवत होते. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. दुकानाच्या मागे दोन पावलं गेलं की कुणाला ऐकू जात नाही. अकरा वर्षं ज्याला मी काम दिलं, त्याने मला परक्या लोकांसमोर खाली पाहायला लावलं. एखाद्या मुकादमाने असं केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. तू केलंस म्हणून विसरले नाही.

तेराव्याला मी तुझ्या घरी गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि गेले. मंदा दारातच बसली होती. तुझ्या बायकोला मी आजवर कामापुरतंच ओळखत होते, दोर धरायला कधी कधी तुझ्यासोबत यायची तेवढंच. मी तिच्याजवळ बसले. जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, "मंदा, त्यानं मले गिऱ्हाइकापुढे बोलायले नोको होतं."

तेराव्याच्या दिवशी हे बोलायची गोष्ट नव्हती. आजूबाजूच्या दोन बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मंदा मात्र रागावली नाही. ती म्हणाली, "बाई, त्यायनं मले त्याच दिवशी सांगतलं. म्हणे, बाई आता माझ्यासंगं बोलत नाही. पण पोरी त्या काठीवरून वर जातीन, मले चूप नाही राहवलं."

"मग मले एकटीले सांगता नाही आलं?"

"सांगतलं ना. तीन डाव सांगतलं म्हणे."

मी म्हटलं, "खोटं."

मंदा म्हणाली, "बाई, ते खोटं कायले बोलतीन? मेलेल्या माणसाचं सांगून राहिली मी."

घरी येताना मी ऑटोत आठवत बसले. पहिली वेळ सापडली. इरफानचा नमुना आला होता, मी त्याच्याशी फोनवर होते, तू काठी उलटी करून टेकूवर बोट ठेवलंस आणि काहीतरी म्हणायला लागलास. मी तळहात वर करून तुला थांबवलं, कारण इरफान पाव इंच कमी करायला तयार होत आला होता. दुसरी वेळ टेम्पोत. तू म्हणालास, "बाई, टेकू रुंद पायजे," आणि मी म्हणाले, "रुंद केले का पोत्यात काठ्या मावत नाही," आणि तिथेच तो विषय संपवला. तिसरी वेळ मला आठवत नाही. मंदा तीन म्हणते तर तीन असतील. भाव करणाऱ्या माणसाला समोरचा बोलतो ते अडवणूक वाटते. तू भाव करत नव्हतास, हे मला माहीत असून मी तुलाही इरफानच्या रांगेत उभं केलं.

याच्या चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. तुझ्याबद्दल चांगलं बोलल्या. मग म्हणाल्या, घरट्यांचे दिवस जवळ आलेत, काठ्या आता घ्याव्याच लागतील. "ताई, कुठली घ्यायची? श्रावणभाऊ वापरायचे ती की तुम्ही दाखवली ती? तुम्ही सांगाल ती घेतो." मी म्हटलं, दोन दिवस द्या. आयुष्यात मी गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलेलं नाही. पण आता मी माझीच काठी सांगितली असती तर मला अडवायला कुणी नव्हतं, आणि तेच मला नको झालं. तू जिवंत असतास तर मी बिनधास्त माझीच सांगितली असती.

म्हणून मी इरफानला दोन्ही काठ्या, तुझी आणि माझी, घेऊन बोलावलं आणि मंदाला विचारलं, दोर धरशील का? ती तयार झाली. कुहीजवळ माझ्या भावाच्या धानाच्या बांधावर एक मोहाचं झाड आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं. सकाळी तिथे गेलो. पट्टा बांधताना इरफान तोंड वळवून उभा होता आणि मंदा कडी ओढत होती. ती म्हणाली, "बाई, हे शेवटचं भोक हाय."

मी म्हटलं, "मग नवीन पाड. धंदा पट्ट्याचाच हाय माझा."

इरफान तिकडूनच म्हणाला, "बाई, मैं चढ के बता देता हूँ ना. आप क्यों?"

"तू कायले? तूच बनवली. तू चांगलीच म्हणशील."

वरच्या फांदीवरून आधीच एक वेगळा दोर टाकून घेतला होता, त्याचं एक टोक माझ्या पट्ट्याला आणि दुसरं शेजारच्या पळसाला वळसा घालून मंदाच्या हातात. गाठ मी स्वतः मारली. तू शिकवलेली.

पहिली माझी काठी. गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली, खेचून पाहिली, घट्ट होती. उजवा पाय ठेवला, अंगाचं वजन टाकलं, आणि काठी खोडावरून अशी बाजूला गेली जशी कुणी हाताने ढकलावी. माझा गुडघा सालीवर घासला, हनुवटी खोडावर आपटली, आणि मी पट्ट्यात लटकले. जमिनीपासून फक्त दोन फूट. खाली पाय टेकायला मला फार कष्ट पडले नाहीत. पण मी तशीच थोडा वेळ लटकून राहिले. तीस फुटांवर ती हसणारी मुलगी असती.

इरफान खोडाजवळ आला. त्याने काठीचे टेकू आणि खोड यांत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "खंबे पे तो एकदम फिट था, बाई."

खांब. दुकानातला खांब माझ्या दोन तळहातांत मावतो. इतक्या वर्षांत दुकानात आलेला प्रत्येक पट्टा, प्रत्येक दोर, प्रत्येक कडी मी त्याच एका खांबाला बांधून पारखली होती. गिऱ्हाइकांनाही तिथेच दाखवली होती. आणि इंच इंच भांडून मी इरफानकडून जी काठी करून घेतली, ती त्या खांबासाठी करून घेतली होती. बारक्या गोल लाकडाला तिचे टेकू दोन्हीकडून कवटाळत होते. मोहाच्या रुंद पाठीवर जोडीतले दोन्ही मधेच टेकत होते, एकमेकांना चिकटून, मग ती फिरणार नाही तर काय? तू हेच सांगत होतास, आणि अगदी साध्या शब्दांत सांगत होतास. मी त्यात टोमणा शोधला.

मग तुझी काठी. तिच्यावर उभी राहिले तर जणू ओट्यावर उभी आहे. मनात म्हटलं, संपलं, श्रावण जिंकला. पण थांब. पट्ट्यात बसून ती सोडली आणि वर ओढायला घेतली, तेव्हा खांदा भरून आला. कशीबशी बांधली. मोहाला सात-आठ फुटांवर मोठी गाठ आहे, तिथे तुझी लांब काठी खालच्या टेकूंवर टेकली आणि वरचे टेकू हवेत. आणि तिची वरची पायपट्टी माझ्या छातीशी.

मंदा खालून म्हणाली, "बाई, पाय वर घ्या ना."

"कुठं घेऊ, डोक्यावर?"

"त्यायचा तर जात होता."

"त्यायले उंटाचे पाय होते मंदा, मले देवानं दोन लाकडं देली हाय."

मंदा हसली. तू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि दोर मात्र तिने तसूभर सैल सोडला नाही.

तू सहा फुटांचा माणूस, श्रावण. तू काठी तुझ्या पायांवरून निवडलीस. मॅडमच्या मुली माझ्याएवढ्या आहेत, एक तर माझ्याहून बुटकी. त्या बत्तीस इंची काठी घेऊन दोन मैल चालल्या असत्या आणि दुसऱ्याच टप्प्यावर अडकल्या असत्या. लांबीचं माझं बरोबर होतं. हे मी तुला टेम्पोतसुद्धा सांगितलं होतं आणि तू नुसता खिडकीबाहेर पाहत होतास, तेव्हा न ऐकण्यात तूही काही कमी नव्हतास.

मी खाली उतरले. उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. इरफानला म्हटलं, या काठ्यांचे टेकू बोल्टवर आहेत ना? मग श्रावणच्या काठीचे टेकू काढ आणि माझ्या काठीला लाव. त्याने पान्हा काढला, बांधावर मांडी घालून बसला आणि पुटपुटत ते केलं. मंदाने तेवढ्यात चहाची किटली उघडली. चहा पिऊन मी पुन्हा बांधून घेतलं.

चार टप्पे चढले. पहिल्या टप्प्याला मी पावलापावलाला काठीकडे पाहत होते, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला पाहायचंच विसरले. ती सालीत बसत होती आणि बसून राहत होती. पायदोर सुरुवातीला खोडाला चिकटून राहायचा, मग पायाच्या अंगठ्याने तो पकडायची रीत सापडली. पहिल्या दुफाट्याशी पोचले तेव्हा थांबले. फार उंच नाही, तू हसला असतास. तिथून मला मंदाचा भांग दिसत होता, इरफानचं टक्कल दिसत होतं, आणि बांधावर काढून ठेवलेल्या माझ्या चपला. अकरा वर्षं तुला माझं एवढंच दिसलं असणार, डोक्याचा मधला भाग आणि वर केलेला हात. त्यावरून तू माझ्याबद्दल काय ठरवलं होतंस, हे विचारायचं राहून गेलं. वाईटच ठरवलं असशील असं मला वाटत नाही, नाहीतर अकरा वर्षं टिकला नसतास. पण विचारायला हवं होतं.

तिथे बसून मला एक गोष्ट मोठ्याने सांगावीशी वाटली: टेकूचं तुझं, लांबीचं माझं. हा निकाल आपण दोघांनी मिळून दुकानात बसून अर्ध्या तासात लावला असता, एका चहात. इरफानला हे सांगून उपयोग नव्हता, त्याला कुणीही जिंकलं तरी सारखंच. मंदाला सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती. मला हो म्हणणारं माणूस नको होतं. तू खिडकीबाहेर पाहत म्हणाला असतास, "बत्तीस नाही तर अठ्ठावीस तरी ठेवा, बाई," आणि मी चिडले असते.

मॅडमला फोन मी दुकानातूनच केला. दुपारची वेळ होती, दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती, सुतळीवालाही येऊन बसला होता, तोच ज्याला मी काठीवर उभं केलं होतं. मी सांगितलं, वीस इंची, पायदोर वेगळा, टेकू रुंद. आणि म्हटलं, मुलींना पहिले आठ दिवस जाड झाडावर शिकवा, बारक्या झाडावर नाही. त्या लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ताई, श्रावणभाऊंचं म्हणणं काही अंशी चुकलं होतं का?"

इथे मला पळवाट होती. लांबीचं सांगून मी सुटले असते, आणि ते खोटंही झालं नसतं. फोन मी दुसऱ्या कानाला घेतला. सुतळीवाला माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी म्हटलं, "नाही मॅडम, माझं चुकलं होतं. त्या दिवशी मी दाखवली ती काठी खराब होती. श्रावण नसता तर तुमची एखादी मुलगी पडली असती." मी हे हळू बोलले नाही. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे, रस्त्यापर्यंत जातो. गिऱ्हाइकं दोर सोडून माझ्याकडे पाहायला लागली. सुतळीवाला उठून उभा राहिला, काय झालं म्हणून. मी फोन ठेवला आणि पुढच्या माणसाला विचारलं, काय पाहिजे.

तुझ्या आयुष्यात तू माझ्या तोंडून असं काही ऐकलं नाहीस. आणि खरं तेच सांगायचं तर, तू असतास तर ऐकलंही नसतंस. तू असतास तर मी झाडावर चढले नसते, मॅडमला माझीच काठी गळ्यात मारायचा प्रयत्न केला असता, आणि आजही आपण एकमेकांशी बोलत नसतो.